लोखंडाची उमेदवारी

दिवाळी आली की घरोघर जळमटे काढण्याची धांदल उडते. आमच्या घरी त्या धांदलीत एक लोखंडी ठोकळा दरवर्षी हाताशी येत असे. सव्वा इंच लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. मोडवाल्याच्या काट्यावर घातला तर पाव किलो भरेल. वर्षभर तो माझ्या लिहिण्याच्या मेजावर असावयाचा. कादंबरीचे कागद वाऱ्याने उडू नयेत एवढेच त्याचे काम. क्वचित आमच्या सौ. त्याच्यावर सुपारीही फोडीत. यंदा घर झाडून झाले, पण ठोकळा मेजावर नाही. तो कोठे गेला हे मला ठाऊक आहे. ते शेवटी सांगेन.

हा ठोकळा माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, कानशीने घासून केला होता. त्यापायी त्यांनी दीड महिना रात्री जागून काढल्या. त्याची हकिकत सांगावयाची म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला मुलगा लोखंडाचे काम कसकसा शिकत आला, त्याचीच हकिकत सांगावी लागेल. मी काही इतिहासकार नव्हे. खामगावातला एक साधा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, त्यावर चित्रकलेची परीक्षा देऊन मुलांना रेघा मारावयास शिकवतो. तेव्हा वाचकांनी हे घरातल्या माणसाने सांगितलेले समजून ऐकावे.

कारखान्यात काम शिकणाऱ्या मुलाला सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. हा ‘उमेदवार’ शब्द जुना आहे. पूर्वी कचेरीत पगाराशिवाय खेटे घालून, आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर लेखणी झिजवणाऱ्या माणसाला उमेदवार म्हणत. हाती काही नाही, पण उमेद आहे, तो उमेदवार. लोखंडाच्या कामात मात्र अशी उमेदवारीही सर्वांना खुली नव्हती. गावगाड्यात भाता फुंकावयाचा तो लोहाराच्या पोराने. वखराची पास, विळे, कुऱ्हाडी यांना धार लावण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि तिथेच थांबे.

इंग्रज सरकारने १८५० साली उमेदवारीचा एक कायदा केला होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बापाने किंवा पालकाने करार करून एखाद्या कारागिराकडे शिकावयास बांधून द्यावे, मुदत सात वर्षांहून अधिक नसावी, असे त्यात होते. त्या कायद्याची नजर मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांवर होती. धर्मादायावर वाढलेल्या पोराला पोट भरण्याची काही विद्या मिळावी, हा त्याचा हेतू. हेतू चांगला, पण हाताचे काम म्हणजे ज्याला दुसरी गत नाही त्याचे काम, ही समजूत त्यात आलीच. ती समजूत कायद्याबरोबर गेली नाही, हे मला पुढे माझ्याच तोंडून कळावयाचे होते.

आमच्याकडे यंत्र आले ते कापसाच्या पाठीवर बसून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती. तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत जाऊन पोहोचली. मुंबईहून येताना ती आमच्या घाटाखालच्या मुलखातून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या वाटेने जाते. खामगाव तेवढे आठ मैल बाजूला पडले होते. पण खामगावचा कापसाचा बाजार एवढा मोठा, की त्याच्यासाठी जलंबपासून मुद्दाम फाटा टाकण्यात आला. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी तो सुरू केला. त्या वेळी खामगाव अकोला जिल्ह्यात होते. बुलढाण्यात आले ते १९०५ साली.

गाडीपाठोपाठ सरकी काढण्याची जिने आली, गाठी बांधण्याचे प्रेस आले, वाफेची इंजिने आली. आणि इंजिन आले म्हणजे ते बिघडणार. बिघडले म्हणजे दुरुस्त करणारा हवा. असा आमच्या मुलखात ‘फिटर’ नावाचा नवा माणूस जन्मला. तो लोहार खरा, पण त्याचे काम लोहाराहून निराळे. लोहार लोखंडाला आकार देतो. फिटर एका लोखंडाचे दुसऱ्या लोखंडाशी जमवून देतो. भाग तयार असतात, पण ते एकमेकांत बसावे लागतात, फिरावे लागतात आणि फिरताना तापता कामा नयेत. हे जमवणे म्हणजेच फिटरकाम.

आजोबा चौदाव्या वर्षी, १९४९ साली, एका जिनात लागले. हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. त्यांच्या उस्तादाचा हात फार मोठा होता. इंजिनाच्या आवाजावरून तो कोणती बेअरिंग रडते आहे ते सांगे. लोखंडी सळईचे एक टोक यंत्राला टेकवावयाचे, दुसरे कानाला लावावयाचे आणि डोळे मिटावयाचे. पण शिकवणे ही गोष्ट त्याच्या स्वभावात नव्हती. पहिली दोन वर्षे आजोबांनी झाडलोट केली, चहा आणला, पाने पुसून ओळीने मांडले. जिनात चामडी रोलर असतो, त्याला कापूस चिकटून पुढे सरकतो. एक पाते स्थिर, दुसरे वरखाली होणारे, आणि त्या दोहोंच्या मध्ये रुई व सरकी यांची फारकत होते. सारी मेख त्या पात्यांमधल्या अंतरात. अंतर कमी झाले तर सरकी चिरडते, जास्त झाले तर सरकीला रुई राहून जाते. हे अंतर लावताना उस्ताद पाठ करून उभा राही.

“मग तुम्ही शिकलात कसे?” मी लहानपणी विचारले होते.

“चोरून,” आजोबा हसून म्हणाले. “उस्ताद घरी गेला की पोस्टकार्ड फाडून त्या फटीत सरकवून पाहो. एक कागद जाते की दोन, ते ध्यानात ठेवो. बाबू, उस्तादानं हात धरून शिकवलं नाही. पण हात मागंही ओढला नाही. येवढे उपकार कमी हायेत काय?”

पोस्टकार्डाच्या मापाने शिकलेल्या या मुलाने आठ हंगाम काढले. शेवटी उस्ताद आजारी पडला की सारे जिन तोच चालवी. पण मालकाच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘मजूर’ एवढेच लिहिलेले होते. फिटर म्हणून दोन ओळींची चिठ्ठी द्या, असे त्याने एकदा विनवले. मालकाने दिली नाही. चिठ्ठी हाती पडली तर पक्षी उडून जाईल, हे त्याला कळत होते.

आणि उडून जाण्यासारखी जागा त्याच सुमारास तयार होत होती.

पोलाद आणि विदर्भ यांचे नाते फार जुने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे त्यांच्या मनात लोखंडाचा कारखाना आला तो आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाचा अहवाल वाचून. पण चांद्याला जमले नाही. मग १९०३ साली त्यांचे चिरंजीव दोराबजी सरकारी अधिकाऱ्याला भेटावयास नागपूरला आले असता, वेळ काढावा म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे भूगर्भाचा एक रंगीत नकाशा टांगलेला होता, आणि त्यात दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोखंडाची खूण गडद दाखवलेली होती. शोध घेतला तो डल्ली आणि राजहरा या टेकड्या जवळजवळ निव्वळ लोखंडाच्याच निघाल्या! तरीही कारखाना तेथे झाला नाही, कारण योग्य कोळसा आणि पाणी जवळ नव्हते. १९०४ साली प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजच्या लोखंडाची बातमी दिली, १९०७ साली कंपनी उभी राहिली आणि साकचीच्या रानात आजचे जमशेदपूर वसले. पोलादाच्या कारखान्याला माणसे नुसती आणून भागत नाही, ती घडवावी लागतात, हे तेथे लवकरच उमगले. १९२१ साली जमशेदपूरला टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली.

डल्ली-राजहराच्या टेकड्या मात्र पन्नास वर्षे वाट पाहत बसल्या. २ फेब्रुवारी १९५५ रोजी रशियाशी करार झाला आणि त्यांच्या लोखंडावर चालणारा दहा लाख टनांचा कारखाना दुर्गजवळ भिलाईला काढण्याचे ठरले. आज भिलाई म्हटली की आपल्याला परमुलूख वाटतो. पण त्या दिवशी भिलाई आणि बुलढाणा एकाच राज्यात होते! नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात दोन्ही जिल्हे नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि घराची वाटणी झाली. राज्ये तुटली, पण रूळ तुटले नाहीत. मलकापूर, शेगावावरून जाणारी हावड्याची गाडी नागपूर ओलांडून सरळ दुर्ग-भिलाईला जाते, आणि तीच पुढे टाटानगरला.

१९५८ च्या उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, आजोबा त्या गाडीत बसले. बरोबर एक वळकटी, पिठल्याभाकरीचे गाठोडे आणि उस्तादाने निघताना गुपचूप हाती दिलेली एक कानस. पाठ करून उभा राहणारा उस्ताद शेवटी असा वळला!

भिलाईला ते आधी एका ठेकेदाराकडे हमाली करू लागले, कारण चिठ्ठी नव्हती. पण कारखान्यात कारागीर घेताना हाताची परीक्षा घेत असत, आणि हाताला चिठ्ठी लागत नाही. परीक्षेचे काम वरवर पोरखेळ वाटेल: लोखंडाचा एक तुकडा घ्या आणि कानशीने घासून त्याचा नेमका चौकोनी ठोकळा करा. वाचकांपैकी कोणी कानस हाती धरली असेल तर त्याला यातले दुखणे समजेल. दोन्ही हात पुढे जाताना कानस झुलते. मग कडा खाली जातात आणि मधला भाग फुगतो. फुगवटा काढावयास जावे तो दुसरी बाजू तिरपी होते. तुकडा लहान लहान होत जातो, पण सरळ काही होत नाही. जिनात आजोबांनी यंत्र जुळवले होते, पण अशी सपाटी कोणी मागितली नव्हती. तेव्हा त्यांनी मोडीतला एक तुकडा मिळवला आणि झोपडीत कंदिलाच्या उजेडात रोज रात्री घासावयास बसले. तोच हा ठोकळा.

पारख करण्याची रीत मोठी सुंदर आहे. ठोकळ्याला गुण्या लावावयाचा आणि दिव्यासमोर धरावयाचा. मध्ये उजेड दिसला तर तेवढे काम बाकी. उजेड दिसेनासा झाला म्हणजे बाजू साधली. मग सपाट पाट्यावर निळा रंग फासून त्यावर ठोकळा घासावयाचा. उंच भागाला रंग लागतो, खोलगट भाग कोरा राहतो. लोखंड स्वतःच आपली चूक दाखवते. आज फिटरच्या शिक्षणात मिलिमीटरचे शंभर भाग करून त्यांतल्या चारांपर्यंतची चूक चालते म्हणतात, आणि पुढे त्याहूनही बारीक. डोक्याचा केससुद्धा साधारणतः त्याहून जाड भरतो.

आजोबा परीक्षेत उतरले. त्यांच्या विभागात रशियन कारागीर होते. त्यांना हिंदी येत नव्हते, यांना रशियन येत नव्हते. दुभाषा दर वेळी थोडाच मिळणार? पण तो परदेशी माणूस पाठ करून उभा राहत नसे. स्वतः पाना लावून दाखवी, मग पाना आजोबांच्या हाती देई आणि जमले की ‘खराशो’ म्हणे. आजोबांना रशियन भाषेतला तेवढाच एक शब्द येई, आणि तो ते आम्हा नातवंडांना परीक्षेत चांगले गुण मिळाले की ऐकवीत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली तेव्हा आजोबा गर्दीत कोठेतरी उभे होते. भिलाईत पुढे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. निवृत्त होऊन खामगावला परतल्यावर जलंब स्टेशनात ते उगीच रुळांकडे पाहत उभे राहत, आपलीच कोणी ओळखीची माणसे असावीत तसे.

आजोबांना मिळाली ती संधी होती. संधी नशिबाची असते. हक्क कायद्याचा असतो. महायुद्धाच्या वेळी, १९४० साली, सरकारने युद्धोपयोगी कारागीर घडवण्याची योजना काढली होती. १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची देशव्यापी योजना आली आणि तिच्यातूनच आपल्या ओळखीच्या आयटीआय फोफावल्या. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला. १ मार्च १९६२ पासून तो अमलात येऊ लागला आणि १८५० चा जुना कायदा रद्द झाला.

या कायद्याने काय केले? उस्तादाला पाठ फिरवता येणार नाही, असे केले. कारखान्याने ठरलेल्या प्रमाणात शिकाऊ मुले घेतलीच पाहिजेत, त्यांच्याशी लेखी करार केला पाहिजे, कराराची सरकारदरबारी नोंद झाली पाहिजे, मुलाला विद्यावेतन दिले पाहिजे, आणि शेवटी देशभर चालणारी परीक्षा झाली पाहिजे. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीजमातींच्या मुलांसाठी जागा राखल्या गेल्या. म्हणजे जी विद्या बापाकडून मुलाकडे जाऊन थांबत असे, तिचे दार ज्याच्या बापाने भाता फुंकला नाही त्यालाही उघडले. ज्या दोन ओळींसाठी आजोबांनी मालकाची मनधरणी केली, त्या आता मुलाला मागाव्या लागत नाहीत. शिक्क्यासह त्याच्या हाती पडतात.

पण कायद्याने सारेच दिले असे म्हणणे खरे होणार नाही. वर्ष संपल्यावर त्या मुलाला नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन कारखान्यावर नाही. विद्यावेतन २०१९ साली वाढून किमान पाच ते नऊ हजारांच्या घरात आले. परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला ते कितीसे पुरणार? आणि कराराच्या कागदावर ‘शिकवावे’ असे लिहिता येते, ‘हात धरून शिकवावे’ असे लिहिता येत नाही. ते ज्याच्या शेजारी मुलगा उभा राहतो, त्याच्या मनावर असते.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात कच्चा, इंग्रजीत त्याहून कच्चा. एकदा प्रमाणबद्ध रेखाटनाची वही त्याने घरी विसरली, तेव्हा मी भर वर्गात म्हणालो, “तुझ्या हातून अभ्यास व्हावयाचा नाही. आयटीआयला जा आणि पाने फिरव!” मुले हसली. ज्याच्या मेजावर आजोबांचा ठोकळा, त्याच्या तोंडी हे शब्द! १८५० सालची ती समजूत, की हाताचे काम म्हणजे दुसरी गत नसलेल्याचे काम, माझ्या जिभेवर जिवंत होती.

मुलगा खरेच आयटीआयला गेला. दोन वर्षे फिटरचे शिक्षण घेऊन तो जालन्याला एका रोलिंग मिलमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. जालना आमच्या जिल्ह्याला लागूनच आहे. खामगावहून चिखली, देऊळगाव राजा करीत एस.टी. जाते. भिलाईला डोंगर वितळवून पोलाद करतात. जालन्याला मोड वितळवून. देशोदेशीचे भंगार भट्टीत जाते आणि घरबांधणीची सळई होऊन बाहेर येते. त्या भंगारात खामगावच्या एखाद्या बंद पडलेल्या जिनाचे पातेही गेले नसेल, असे कोणी सांगावे?

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, तो पाया पडावयास आला. मी त्याला त्या शब्दांची आठवण करून दिली आणि म्हणालो, “माझे चुकले होते.” तो संकोचला. “जाऊ द्या ना सर. तुम्ही रेघा शिकवल्या म्हणून तर ड्रॉइंग वाचता येते मले.” मग तो कामाचे सांगू लागला. तापलेली लाल सळई रोलरांतून कशी धावते, जोडणी केसभर वाकडी राहिली की बेअरिंग कशी तापते. त्याच्या शेजारचा जुना फिटर त्याला सळई कानाला लावून ऐकावयास शिकवतो, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. “वर्ष झाल्यावर ठेवून घेतील काय, ते माहीत नाही,” तो म्हणाला. “पण हात तर माझाच राहील.”

बोलता बोलता त्याची नजर ठोकळ्यावर गेली. त्याने तो उचलला, उलटापालटा केला, पिशवीतून लहानसा गुण्या काढला आणि दिवाणखान्यातल्या दिव्यासमोर धरला. एक बाजू झाली, दोन झाल्या. एवढ्या वर्षांचा गंज-घामट खाऊनही उजेड दिसेना. मग एका कोपऱ्याशी तो थांबला.

“सर, इथं जरासा उजेड येते.”

आजोबांना जाऊन बारा वर्षे झाली. ठोकळ्याची कोणी स्तुती केली की ते म्हणावयाचे, “एक कोपरा बाकी हाय अजून.” आम्हाला तो त्यांचा विनय वाटे. तो विनय नव्हता, माप होते. आणि ते आमच्यापैकी कोणालाच दिसले नव्हते.

“घेऊन जा,” मी म्हणालो. “आणि तो कोपरा पुरा कर.” बरोबर उस्तादाची ती जुनी कानसही दिली.

म्हणून यंदा मेजावर ठोकळा नाही. कागदांवर मी नदीतला एक गोटा ठेवला आहे. त्या मुलाचे वर्ष पुरे झाले, परीक्षा झाली. जालन्यातच दुसऱ्या एका मिलमध्ये त्याला काम लागले आहे, असे त्याने फोनवर कळवले. पाडव्याला येतो म्हणाला. मी गुण्या आणून ठेवला आहे.